साताचा ठेका आणि बास गिटार: मॅसेडोनियाची लोकधून जॅझमध्ये कशी उतरली?

रूपक ताल हातावर मोजून बघा. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. तीन, दोन, दोन अशा सात मात्रा. आता हीच विभागणी मनात धरून मॅसेडोनियातल्या एखाद्या लग्नात गेल्याची कल्पना करा. तिथे हातात हात धरून, रांगेने जो संथ नाच चालतो त्याला ‘लेस्नोतो’ म्हणतात. त्याचा ठेकाही सात मात्रांचा आहे, आणि तोही तीन, दोन, दोन असाच. पण नीट ऐकलं तर एक फरक जाणवतो. रूपकात पहिल्या तीन मात्रांवर डग्गा गप्प असतो, कारण समेवरच खाली आहे. घुमारा येतो तो चौथ्या मात्रेवर. लेस्नोतोच्या साध्या ठेक्यात नेमकं उलटं होतं. ढोलाचा सगळ्यात जड ठोका पहिल्या मात्रेवर पडतो आणि चौथी व सहावी हलकी जातात. आकडे तेच, पण वजन दुसरीकडे.

हे वजन कुठे ठेवायचं, हा या लेखाचा विषय आहे. ढोलाच्या जागी विजेवर चालणारी बास गिटार आली, सोबत ड्रम, कीबोर्ड आणि जॅझमधून आलेली तत्काळ सुचणारी वाजवणूक आली, की हा प्रश्न एकट्या बासवादकाच्या बोटांवर येऊन पडतो. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात स्कोप्ये शहरातल्या चार तरुणांनी तो सोडवायला घेतला. त्यांच्या बँडचं नाव ‘लेब इ सोल’ आणि त्यांच्यातल्या बासवादकाचं नाव बोदान आर्सोव्स्की.

लंगडणारा ठेका

पाश्चात्त्य संगीतात बहुतेक ठेके समान ठोक्यांचे असतात. चार म्हणजे चार सारखे, तीन म्हणजे तीन सारखे. बाल्कन प्रदेशातल्या लोकसंगीतात मात्र ठोके मुळातच लहानमोठे असतात. लेस्नोतो नाचणारा माणूस सातपर्यंत मोजत बसत नाही. त्याच्या पायाला तीनच ठोके कळतात: एक लांब, दोन आखूड. लय जलद झाली की सात मोजणं शक्यही नसतं. ‘पायदुश्को’ नावाच्या नाचात पाच मात्रा असतात, आधी आखूड ठोका आणि मग लांब. शेजारच्या बल्गेरियातल्या ‘कोपानित्सा’त अकरा मात्रा पाच ठोक्यांत बसवलेल्या असतात आणि मधला ठोका लांब असतो.

हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांनी अशा लयींना ‘बल्गेरियन लय’ म्हटलं. त्यांच्या ‘मिक्रोकोस्मोस’ या पियानोच्या रचनासंग्रहातले शेवटचे सहा नाच याच लयींत आहेत. पुढे रोमानियाचे अभ्यासक कॉन्स्टन्टिन ब्राईलोयू यांनी 1951 मध्ये ‘अक्साक’ हा तुर्की शब्द रूढ केला. त्याचा अर्थ लंगडा. शब्द चपखल आहे खरा, पण त्यात थोडा अन्यायही आहे. ज्यांना लहानपणापासून हा ठेका पायात आहे त्यांना तो लंगडा वाटत नाही. आपल्यालाही झपताल कुठे लंगडा वाटतो?

लेस्नोतोत आणखी एक गंमत आहे. गाण्याची ओळ सहसा दोन किंवा चार आवर्तनांची असते, पण पावलांची सर्वांत रूढ रचना तीन आवर्तनांत पूर्ण होते. त्यामुळे पाय आणि गाणं प्रत्येक वेळी वेगळ्या जागी एकमेकांना भेटतात. नाचणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. पण खालचा आधार डळमळला, तर अख्खी रांग चुकते.

खालचा सूर कोण धरत होतं?

मॅसेडोनियाच्या ग्रामीण वाद्यांमध्ये बास म्हणावं असं वाद्य नव्हतं. ते काम दोघांत वाटलेलं होतं.

झुर्ला आणि तापान ही जोडी घ्या. झुर्ला म्हणजे आपल्या सनईची लांबची बहीण, आवाजाने मात्र बरीच कडक. त्या दोन असतात. एक चाल वाजवते आणि दुसरी एकच सूर न तोडता धरून ठेवते. आपल्याकडे सनईवाल्यासोबत ‘सूर’ धरणारा असतो, तसंच. तापान हा खांद्याला अडकवलेला दुतोंडी ढोल. त्याच्या एका बाजूला ‘कुकुदा’ नावाच्या जाड काठीने जड ठोका पडतो, तर दुसऱ्या बाजूला ‘प्राचका’ नावाच्या पातळ छडीने बारीक तडतड चालते. सनई, सूर आणि संबळ हा संच ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही.

गाय्दा, म्हणजे मशकवाद्य, याच्या पिशवीलाच सूर धरणारी एक लांब नळी असते. तिला ‘ब्रचालो’ म्हणतात. तांबुरा हे नाव ऐकून आपल्या तंबोऱ्याची आठवण होईल, पण मॅसेडोनियन तांबुरा नुसता सूर धरत नाही, ती चालही वाजवते. शहरांमध्ये ‘चाल्गिया’ नावाचे संच होते. त्यांत व्हायोलिन, क्लॅरिनेट, कानून आणि ऊद ही वाद्यं असत आणि उस्मानी काळातल्या मकामांची छाप असे. पितळी वाद्यांच्या बँडमध्ये मात्र अंगाभोवती गुंडाळलेली मोठी तुतारी खालचे सूर वाजवते. कोचानी गावच्या बँडमुळे हा आवाज जगभर पोचला.

थोडक्यात, खालच्या बाजूला एक न हलणारा सूर आणि एक जड ठोका होता. सूर बदलत नव्हता आणि ठोक्याला ठरावीक सूर नव्हता. बास गिटार मात्र सूर आणि ठोका एकाच वेळी वाजवते. म्हणजे या संगीतात बासवादकासाठी आयती जागाच नव्हती. त्याला ती तयार करावी लागली.

जॅझचे आधीचे प्रयत्न

जॅझवाल्यांना या ठेक्यांची भुरळ आधीच पडली होती. अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांनी 1958 च्या दौऱ्यात तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून नऊ मात्रांचा ठेका ऐकला आणि 1959 च्या ‘टाइम आउट’ या अल्बममध्ये ‘ब्लू राँडो आ ला टर्क’ ही रचना वाजवली. त्यात दोन, दोन, दोन, तीन अशी विभागणी आहे. मात्र एकल वादन सुरू होताच ठेका सरळ चार मात्रांच्या ब्लूजवर येतो. पाहुणा दारापर्यंत आला आणि चहा मात्र आपल्याच पद्धतीचा मिळाला, असं काहीसं.

त्यापुढचं पाऊल दुश्को गोयकोविच यांनी टाकलं. बोस्नियातल्या यायत्से इथे जन्मलेल्या या ट्रम्पेटवादकाने 1966 मध्ये जर्मनीत ‘स्विंगिंग मॅसेडोनिया’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. पियानोवर माल वॉल्ड्रन होते, सॅक्सोफोनवर नेथन डेव्हिस आणि बासवर पीटर ट्रंक. इथे बाल्कन धुना नुसत्या पाहुण्या नाहीत, त्यांच्यावरच रचना उभ्या आहेत. स्कोप्येच्या रात्रींवरही त्यात एक रचना आहे. तरी वाद्यांचा आणि वाजवण्याचा पिंड अस्सल जॅझचाच राहिला. उभ्या लाकडी बासची चाल जॅझच्या सवयीचीच आहे, तिच्यात तापान ऐकू येत नाही.

मग विजेवरची वाद्यं आली. रॉकचा जोर, जॅझची सुरांची समज आणि लांबलचक एकल वादन यांच्या मिश्रणाला जॅझ-फ्यूजन म्हणतात. जॉन मॅक्लॉक्लिन यांच्या ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ने यात विषम मात्रा रोजच्या केल्या. त्यांनीच पुढे मुंबईचे झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासोबत ‘शक्ती’ हा संच उभा केला. शक्तीमध्ये बास नव्हताच, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे. सूर आणि ठेका आपसांत वाटून घेतले, तर बासवाचून अडत नाही. पण त्याच सुमारास बास स्वतःच पुढे येत होता. 1976 मध्ये जॅको पास्टोरियस यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला, त्याच वर्षी स्टॅन्ली क्लार्क यांचा ‘स्कूल डेज’ही आला. मागे उभं राहून ठोके भरणाऱ्या वाद्याला चाल वाजवता येते, हे जगाला कळलं.

स्कोप्येतले चौघे

‘लेब इ सोल’ची स्थापना त्याच 1976 मधली. नावाचा अर्थ ‘भाकरी आणि मीठ’. स्लाव्ह लोकांत पाहुण्याचं स्वागत या दोन गोष्टींनी करतात. गिटारवर व्लात्को स्तेफानोव्स्की, कीबोर्डवर निकोला ‘कोकान’ दिमुशेव्स्की, ड्रमवर अर्मेनियन वंशाचे गाराबेत ताविट्यान आणि बासवर बोदान आर्सोव्स्की.

ही पिढी वाढली ते स्कोप्ये वेगळंच शहर होतं. 26 जुलै 1963 च्या पहाटे झालेल्या भूकंपात तिथे हजाराहून अधिक माणसं गेली आणि शहराचा मोठा भाग कोसळला. जुन्या रेल्वे स्थानकावरचं घड्याळ 5 वाजून 17 मिनिटांवर थांबलं, ते आजही तसंच ठेवलं आहे. नव्या शहरकेंद्राचा आराखडा जपानी वास्तुरचनाकार केंझो तांगे यांनी केला. जुनी चाल्गिया ऐकलेल्या आजीआजोबांच्या गावात काँक्रीटच्या नव्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि रेडिओवर जगभरचं संगीत लागत होतं.

लोकसंगीताची तेव्हा दोन रूपं तरुणांसमोर होती. एक म्हणजे ‘तानेत्स’सारख्या, 1949 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कलापथकाचं: गणवेशासारखा पारंपरिक पोशाख, आखीव रांगा, झळझळीत सादरीकरण. दुसरं म्हणजे खानावळींत आणि कॅसेटवर चालणारी लोकगीतांच्या थाटाची नवी गाणी. रॉक ऐकणाऱ्या मुलाला दोन्हींपासून अंतर ठेवावंसं वाटणं साहजिक होतं. त्यामुळे आजीचं गाणं विजेच्या गिटारवर घेणं ही तेव्हा साधी निवड नव्हती. दोन्ही बाजूंनी नाकं मुरडली जाण्याची शक्यता होती.

1978 मध्ये बँडचे पहिले दोन्ही अल्बम आले. पहिल्यात बराचसा भाग नुसत्या वाद्यांचा आहे आणि त्यातच ‘उची मे मायको, काराय मे’ हे पारंपरिक गाणं घेतलं आहे. एका रचनेचं नाव ‘देवेत्का’, म्हणजे नव्वी. आकड्यालाच शीर्षक केलं, यावरून या मुलांचं डोकं कशात गुंतलं होतं ते कळतं. पुढे ‘अबेर दोय्दे दोन्के’सारखी लोकगीतं त्यांच्या मैफलींत लोक सोबत म्हणू लागले. युगोस्लावियातलं बहुतेक रॉक सर्बो-क्रोएशियन भाषेत होतं. लेब इ सोलनेही त्या भाषेत गाणी केली. पण मॅसेडोनियन भाषेतली खेड्यातली गाणी बेलग्रेड आणि झाग्रेबमधल्या मुलांच्या तोंडी बसवली, ती याच बँडने.

गिटारच्या झगमगाटामुळे व्लात्को यांचं नाव सगळ्यात मोठं झालं. ते योग्यच आहे. पण हे संगीत ज्या कारणाने कोसळत नाही, ते कारण खाली आहे.

बास काय करतो?

विषम ठेका हातातून निसटण्याचा एक अगदी ठरलेला मार्ग आहे. तीन, दोन, दोन वाजवताना चाराची सवय असलेला वादक नकळत मधल्या ठोक्याला एक मात्रा जास्त देतो. झालं, तीन, तीन, दोन. सातचे आठ झाले. ऐकायला छान लागतं, कारण जगभरच्या लोकप्रिय संगीतात तीन, तीन, दोन सगळीकडे आहे. पण लेस्नोतो संपला. नाचणाऱ्याचा पाय जमिनीवर आलेला असतो आणि ठोका अजून यायचा असतो.

म्हणून या संगीतात बासवादकाचं पहिलं काम तापानच्या जाड काठीचं आहे. पहिल्या लांब ठोक्यावर मूळ सूर ठामपणे लावायचा आणि तो नेमका तीन मात्रा टिकवायचा किंवा नेमका तोडायचा. आखूड ठोक्यांवर हलकं राहायचं. हे सोपं वाटतं, पण ड्रमवादक वर ठेक्याशी खेळत असताना आणि गिटार आडव्या लयीत धावत असताना ते धरून ठेवणं कठीण आहे.

दुसरं काम सुरांचं. ‘योवानो, योवान्के’ हे मॅसेडोनियातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध लोकगीत घ्या. तेही सात मात्रांचंच. त्याचे स्वर हिजाज मकामाच्या वळणाचे आहेत: सा, कोमल रे, शुद्ध ग, म, आणि वर कोमल ध, कोमल नी. पूर्वांगात भैरव ऐकू येईल, पूर्ण सप्तक वसंतमुखारीच्या जवळ जाईल. आता यात रूढ जॅझसारखा बास चालवला, म्हणजे दर मात्रेला नवा सूर आणि दर दोन आवर्तनांना नवी स्वरसंगती, तर कोमल रेचा जो ताण आहे तोच विरघळतो. गाणं ओळखू येतं, पण त्याचा रंग जातो.

उपाय म्हणजे कमी हलायचं. सा धरून ठेवायचा, मधूनच कोमल रेवर सरकायचं, कधी कोमल नीपर्यंत उतरून परत यायचं. या तीन जागांवरच्या स्वरसंगती गाण्याच्या स्वरांतूनच तयार होतात, बाहेरून काही आणावं लागत नाही. फ्यूजनमध्ये एकच छोटी आकृती पुन्हा पुन्हा वाजवत वर एकल वादन करायची पद्धत होतीच. ब्रचालोच्या न हलणाऱ्या सुराला ती सहज मानवली. माझ्या मते मॅसेडोनियन लोकसंगीत आणि फ्यूजन यांचं जमलं ते इथे. ठेक्याचं नवल नंतरचं.

आणि बासच पुढे येऊन चाल वाजवू लागला तर? आर्सोव्स्की यांनी बँडबाहेर स्वतःच्या नावाने केलेल्या कामात हा प्रश्न आणखी थेट येतो. जॅझ-फ्यूजन आणि मॅसेडोनियन लोकधून यांची सांगड तिथेही आहे, पण केंद्रस्थानी बासवादक आहे. बास वर गेला की खाली पोकळी पडते. ती भरायचे मार्ग लोकसंगीतातच सापडतात. कीबोर्ड दुसऱ्या झुर्लासारखा सूर धरू शकतो. ड्रमवादकाचा पायाने वाजणारा मोठा ढोल तापान होऊ शकतो. शिवाय बास गिटारमध्येच एक सोय आहे. तिच्या चार तारा जाड बाजूकडून प्रत्येकी मध्यमाच्या अंतराने लावलेल्या असतात. गाण्याचा सा खालच्या एखाद्या मोकळ्या तारेवर धरला, तर ती तार छेडून घुमत ठेवायची आणि पातळ तारेवर चाल वाजवायची. एकाच वाद्यात गाय्दाच्या दोन नळ्या झाल्या! अर्थात मशकातला सूर अखंड असतो आणि तारेचा विरत जातो, म्हणून ती पुन्हा पुन्हा छेडावी लागते. मग ते छेडणंच ठेक्याचा भाग होतं.

संथ, मोकळ्या चालीची गाणी हा आणखी वेगळा भाग. ‘झाय्दी, झाय्दी’सारखं गाणं मात्रांत बांधलेलं नसून श्वासाने चालतं, आपल्या आलापासारखं. तिथे बासने फार काही करू नये हेच उत्तम. खालून एक सूर आला आणि विरला, एवढं पुरतं.

फुटलेला देश, टिकलेली गाणी

1991 मध्ये मॅसेडोनिया स्वतंत्र झाला. युगोस्लाविया फुटल्यावर युद्धं झाली आणि एकेकाळी एकच असलेला श्रोतृवर्ग सीमांनी तोडला. लेब इ सोल 1990 च्या दशकाच्या मध्यावर थांबला. 2006 मध्ये, स्थापनेला 30 वर्षं होताना, मूळ चौघे पुन्हा एकत्र आले आणि पूर्वीच्या युगोस्लावियातल्या वेगवेगळ्या देशांत वाजवून आले. त्यानंतर व्लात्को आपल्या वाटेने गेले. उरलेल्यांनी नव्या वादकांसह 2008 मध्ये ‘इ ताका नाताका’ हा अल्बम काढला. देशाचं नावही 2019 पासून उत्तर मॅसेडोनिया झालं आहे. गाण्यांची नावं मात्र बदललेली नाहीत.

बासवाचून हीच गाणी कशी लागतात ते ऐकायचं असेल तर ‘क्रुशेवो’ हा 1998 चा अल्बम ऐका. व्लात्को स्तेफानोव्स्की आणि मिरोस्लाव तादिच यांच्या दोन गिटार, बाकी काही नाही. तो क्रुशेवो गावातल्या ‘मकेदोनियुम’ या घुमटाकार स्मारकात ध्वनिमुद्रित झाला. 1903 च्या इलिन्देन उठावाचं हे स्मारक 1974 मध्ये उघडलं. घुमटातला घुमार इतका भरघोस आहे की खालचा सूर वास्तूच धरते असं वाटतं.

क्रम विचाराल तर मी असा लावेन. आधी झुर्ला आणि तापानचं एखादं गावाकडचं ध्वनिमुद्रण ऐका आणि पायाने लांब, आखूड, आखूड धरा. जमलं की लेब इ सोलचा 1978 चा पहिला अल्बम लावा. पहिल्यांदा सगळं ऐका, कारण गिटार लक्ष वेधून घेणारच. दुसऱ्यांदा फक्त बासवर कान ठेवा. शक्य असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोनवर ऐका. लहान स्पीकरमधून बासचे खालचे सूर जवळपास बाहेरच पडत नाहीत, आणि मग या लेखातलं अर्धं ऐकूच येणार नाही.